आठ तास लिहिलेली झोप

लांज्यात काजू बी खरेदीचा धंदा मी एकट्याने उभा केला. मालातला दोष आपण होऊन सांगायचा नाही, हे मी विकायला येणाऱ्यांकडूनच शिकलो. पोत्यात वर सुकी बी, तळाला ओली. म्हणून माझा हात आधी तळाशी जातो.

माझ्या मुलीला ऑटिझम आहे. ती पाच वर्षांची असताना गणपतीत थोरला भाऊ मला त्याच्या घरच्या पडवीत म्हणाला, "आरतीच्या वेळी हिला आतच ठेव. लोक विचारतात." मी त्याला सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो आणि तडक घरी आलो. तो राग अजून आहे. पण मुलीचं काही उणं बाहेर कळू द्यायचं नाही, हे त्या दिवशी डोक्यात पक्कं बसलं.

पुढे रत्नागिरीला तिची थेरपी सुरू केली. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी विचारलं, "झोप किती?"

"आठ तास. सलग," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे पाहिलं. खरी झोप चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांत. पुढे दर महिन्याला त्यांच्या कागदावर मी आठच लिहीत गेलो.

बाई चित्रं दाखवायच्या, तेव्हा मुलगी टेबलावर डोकं टेकायची, नाहीतर स्वतःचा हात चावायची. झोप पुरेशी आहे असं धरून बाईंनी सराव वाढवला. घरी तो मी घ्यायचो. "इकडे बघ!" म्हणून ओरडायचो. दोनदा तिच्यावर हातही उचलला.

वर्षाने बाई म्हणाल्या, "म्हणावी तशी प्रगती नाही."

मी भडकलो. "शिकवायला जमत नसेल तर तसं सांगा!"

"पुरे हो," बायको म्हणाली. "बाई, ही चार तास झोपते. ते आठ ह्यांचे."

बाईंनी मागचे सगळे कागद चाळले. मग म्हणाल्या, "दादा, मी हिला हट्टी समजत होते. झोपेसाठी डॉक्टरांकडे मी तेव्हाच पाठवलं असतं."

भावाला मी माफ केलेलं नाही. पण कागदावरचे आठ त्याने लिहिले नव्हते.

बाईंनी नवा कागद घेतला. "काल किती?"

"तशी बरी..."

"तास सांगा, दादा."

"अडीच."

मुलगी तोवर चटईवर झोपून गेली होती. "आज शिकवणं नको," बाई म्हणाल्या. लांज्याच्या गाडीची वेळ झाली होती. बायको तिला उठवायला वाकली. मी बायकोला थांबवलं आणि मुलीजवळ बसून राहिलो.