खाजेवालीच्या गाडीचं छप्पर

माझं काम खनिजाच्या ट्रकांच्या बॉड्या बांधायचं. डिचोलीत रस्त्याला लागून कारखाना आहे, कारखाना म्हणजे चार खांब आणि वर पत्रे. लोक मला शिवदास मेस्त म्हणतात; हातात हत्यार घेऊन पोट भरणाऱ्याला इकडे मेस्तच म्हणतात, मग तो सुतार असो की लोहार. मूळचा मी सावंतवाडीकडचा. तीस वर्षं हातोडा मारून एक कान गेला, कंबर कामातून गेली, पण नजरेनं माप ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, अशी माझी समजूत होती. ती चंद्रावतीनं मोडली. तीही तोंडातून एक शब्द न काढता.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गणपतीची चवथ नुकतीच झाली होती. पेडण्याचा बाबली खाजेकार आपली म्हातारी जीप आणि तिच्यामागचा ट्रेलर घेऊन दारात आला. बाबली जत्रांतून खाजं विकायचा. पेडण्याच्या आश्विनातल्या पुनवेला निघायचा तो शिरगावची जत्रा करून पावसाच्या तोंडावर घरी. मधले सात महिने आज ह्या देवळापुढे, उद्या त्या. ट्रेलर मुळात सामान वाहायचा. बाबलीनं त्याला प्लायवूडच्या भिंती आणि वर पत्रा मारून घर केलं होतं. आत बेसनाची पोती, गुळाचे डबे, स्टोव्ह, कढई, आणि उरलेल्या जागेत त्याची बायको चंद्रावती. तो स्वतः दुकानाच्या ताडपत्रीखाली माल राखत झोपायचा. आतली उंची चार फूट. माझ्या सासऱ्यानं कोंबड्यांचं खुराडं केलं होतं, ते यापेक्षा ऐसपैस होतं.

"मेस्ता, हिका आत उबी रवाक जाय," बाबली म्हणाला.

चंद्रावती जीपच्या पलीकडे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. मी म्हटलं, "रात्री नुसतं झोपायचं तर उभं राहून काय करणार?"

तिनं जमिनीकडे बघतच उत्तर दिलं, "कापड नेसूक."

साडीला इकडे कापडच म्हणतात. मला आधी कळलं नाही, मग कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. जत्रेत हजारो माणसं. पहाटेपासून ही बाई तेलापुढे बसणार, बेसनाच्या कांड्या तळणार, आल्या-गुळाच्या पाकात घोळणार. अंगावरची साडी संध्याकाळपर्यंत तेलानं आणि पाकानं कडक होणार. ती बदलायची कुठे? एक तर अनोळखी घराचं दार वाजवून "वयनी, इल्लो आडोसो दी" म्हणायचं, नाहीतर त्या खुराड्यात गुडघ्यांवर बसून निऱ्या घालायच्या. अशी बावीस वर्षं. बसून नेसलेली साडी उभं राहिलं की सुटते, हे माझ्या बायकोनं, सुलोचनानं, मला नंतर सांगितलं. म्हणजे जत्रेत दर थोड्या वेळानं चंद्रावती कमरेशी हात नेऊन निऱ्या चाचपताना दिसायची, ते त्यामुळे.

मी हो म्हटलं, पण कुरकुर केलीच. मला सवय लोखंडी अँगल आणि जाड पत्र्याची. इथे वजन वाढवायची सोय नव्हती, कारण जीप रिकामी असली तरी चढावर धापा टाकायची. आणि उंच केलेली गाडी वळणावर डुलते. दोन दिवस विचार करून ठरवलं, की सगळं छप्पर उचलायचंच नाही. दाराजवळचा अडीच फूट बाय तीन फुटांचा तुकडा कापायचा, तेवढ्यावर हलक्या लाकडाची चौकट उभी करायची, तिला अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी ठोकायचा आणि वाऱ्याला एका अंगाला लहानशी जनेल, म्हणजे खिडकी, ठेवायची. बाकी गाडी होती तशी बुटकी. बाहेरून पाहिलं तर गाडीनं टोपी घातल्यासारखं दिसणार होतं. दिसू दे.

आता माप. मी चंद्रावतीला म्हटलं, "वहिनी, त्या खांबाला टेकून उभ्या रहा." ती उभी राहिली. कारखान्यात चार परके पुरुष, दोन ट्रक ड्रायव्हर. ती पदर पुढे ओढून, मान खाली घालून उभी, जशी आमच्याकडची बाई चारचौघांत उभी राहते. तिच्या डोक्याला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता, आणि मान वर करा असं परक्या बाईला सांगायची माझी जीभ रेटेना. मी हातभर अंतरावरून काठी धरली आणि खडूनं खूण केली. पाच फूट. वर तीन इंच मोकळे सोडले. पाच फूट तीन इंच. काम संपलं तेव्हा बाबली आत जाऊन उभा राहिला, त्याचं डोकं कुठे लागलं नाही, तो खूश झाला. चंद्रावती आमच्यासमोर आत गेली नाही. "बरां जालां," एवढंच म्हणाली. पुनवेला गाडी निघाली आणि मी ती विसरलो.

पुढच्या वैशाखात सुलोचनाला घेऊन शिरगावच्या जत्रेला गेलो. ऊन, धूळ, माणसांचा रेटा. मला जत्रा आता सोसवत नाहीत. बाबलीचं दुकान दिसलं तसं सावलीला बसलो. चंद्रावती कढईपुढे होती. सात महिन्यांची जाग तिच्या डोळ्यांखाली काळी उतरली होती. मी कामाचा माणूस, स्वस्थ बसवेना. रिव्हेट सैल झालेत का बघू म्हणून गाडीत शिरलो, आणि वर पाहिलं तर नव्या पत्र्यावर मधोमध तळहाताएवढा काळपट डाग.

पत्रा गळतोय असं वाटलं. पण पाऊस कुठे पडला होता? मी बोट फिरवून वास घेतला. खोबरेल तेल. डोक्याचं तेल.

डाग एका दिवसाचा नव्हता. सात महिने रोज संध्याकाळी एक डोकं तिथे घासलं होतं. बाबलीला हाक मारून विचारलं तर त्याला काही माहीत नव्हतं. मग मी बाहेर आलो आणि, सांगायला काय, तिच्यावरच चिडलो. "वहिनी, छप्पर लागतं डोक्याला. एवढे दिवस बोलला का नाहीत?"

तिनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "आदल्यापरस बरां आसा," ती म्हणाली. "तुमी इतक्या मेहनतीन केलांत. आनी परत कोणाक त्रास दिवप?"

आधीपेक्षा बरं आहे. आयुष्यभर एवढ्यावरच समाधान मानायची सवय झाली होती तिला. माझा राग तिच्यावर नव्हताच, तो माझ्या काठीवर होता. मी म्हटलं, पावसाळ्यात गाडी माझ्याकडे आणायची, आणि मजुरीचं नाव काढायचं नाही.

जूनमध्ये दोघं आली. ह्या वेळी माप मी घेतलं नाही. माझी पोलादी टेप आणि काठी सुलोचनाकडे दिली. तिनं चंद्रावतीला आमच्या स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं. मी आणि बाबली बाहेर ओसरीवर चहात उंडो पाव बुडवून खात बसलो. पाव तास झाला, अर्धा तास झाला. एवढं कसलं माप, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

दार उघडलं. सुलोचनानं काठी माझ्यापुढे उभी धरली. "हां बघा. तुमी कसला माप घेतलास तां देवाक म्हायत."

पाच फूट पाच इंच. मी दोनदा टेप लावली. बाबली उठला, चहाचा कप हातातच, आणि काठीला पाठ लावून उभा राहिला. खडूची खूण त्याच्या डोक्यावर चार बोटं राहिली. चंद्रावती दारात आली होती, पदर सावरून, मान खाली. मला ती तेव्हाही त्याच्याएवढीच दिसली.

आत काय बोलणं झालं ते सुलोचनानं मला रात्री जेवताना सांगितलं. चंद्रावती आमोण्याची. माहेरी झाडाचे आंबे काढायला तिला काठी लागत नसे. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं उंबरठ्यावर दोघांना शेजारी उभं केलेलं पाहिलं आणि कानात सांगितलं, "गो, मान खाली घाल. घोवापरस वयर दिसता." नवऱ्यापेक्षा उंच दिसतेस. तिनं मान खाली घातली, खांदे पाडले, आणि तशीच संसाराला लागली. सासू जाऊन नऊ वर्षं झाली होती. मान वर करायला कुणी सांगितलं नाही, म्हणून केली नाही. स्वयंपाकघरात सुलोचना म्हणाली, बाई, आता कोणी नाही, सरळ उभी रहा, तेव्हा तिला पटकन जमलंच नाही. भिंतीला पाठ लावून हळूहळू चढावं लागलं. मग ती रडली. अर्धा तास त्यात गेला.

पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मी काठी धरून उभा होतो आणि बाबलीकडे बघत होतो. गाडी त्याची, जीप त्याची. टोपी आणखी उचलली की गाडी जास्त डुलणार, हेही मला त्याला सांगायचं होतं. त्यानं त्या खुणेवरून अंगठा फिरवला. मग चहाचा कप खाली ठेवला.

"म्हज्या मापाचां करू नाका, मेस्ता," तो म्हणाला. "हिच्या मापान करा. वयर चार बोटां मोकळी सोडा. गाडी हांव सवकास चलयतां."

पाच फूट नऊ इंच केलं. वजन वाढू नये म्हणून मी जुनी चौकट फेकून शिवणीच्या लाकडाची नवी केली आणि खाली डब्यांची लोखंडी फळी काढून वेताची जाळी लावली. कंबर इतकी दुखली की दोन दिवस आडवा होतो. तेलाचा डाग असलेला पत्रा सुलोचनानं भंगारात टाकू दिला नाही. तो आमच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे.

पुढच्या पुनवेला मी पेडण्याला गेलो. एरवी गेलो नसतो. डुलतं का ते बघायचं निमित्त. तिन्हीसांजेला चंद्रावतीनं कढई उतरवली, हात पुसले आणि मान खाली घालूनच माझ्यापुढे खाज्याचा पुडा ठेवला. बाहेर ती तशीच होती. बावीस वर्षांची मान माझ्या एका छपरानं वर यायची नव्हती, आणि तशी मला आशाही नव्हती. दमलेली पावलं ओढत ती गाडीत चढली. दार आतून लागलं.

मी आणि बाबली ट्रेलरच्या दांड्यावर बसलो. आतून बांगड्या वाजल्या, थांबल्या, परत वाजल्या. गिऱ्हाईकं येऊन उभी राहत होती. बाबलीनं एकाला हातानंच थांबायला सांगितलं.

"आता येळ लागता हिका," तो हळूच म्हणाला. "पयलीं येवडो लागनासलो."

"लागांदे," मी म्हटलं, आणि आणखी एक खाजं तोंडात टाकलं.