दोराचं दुसरं टोक

मी भिवंडीतल्या एका कॉलेजची लायब्ररी सांभाळतो. भुताखेतांची पुस्तकं आमच्याकडे सगळ्यात जास्त फाटतात आणि सगळ्यात कमी वेळा परत येतात, एवढाच माझा त्या विषयाशी संबंध. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि चहा संपायच्या आत त्यांचा खुलासा करून टाकतो – अंधार, अपचन, नाहीतर उत्साही नातेवाईक. आता स्वतःचाच लिहायला बसलोय, तर अंधार नव्हता, भर दुपार होती. अपचनही नव्हतं, कारण उद्घाटनाची भाषणं लांबल्यामुळे नाश्ताच मिळाला नव्हता.

मानकोलीच्या नाक्यावरून गोदामांच्या रांगा मागे टाकत खाडीकडे गेलं की आमचं मूळ गाव लागतं. नाव देत नाही, तिथे अजून आमची भावकी राहते. गावाच्या टोकाला दगडी धक्का आहे. पूर्वी इथून रेतीच्या होड्या सुटायच्या. माझे वडील डुबी मारायचे. म्हणजे होडीतून बांबू धरत खाडीच्या तळाशी जायचं, बालदीत रेती भरायची आणि बालदीच्या दोराला झटके द्यायचे. दोन आखूड, एक लांब – भरली, ओढा. मग होडीवरच्या माणसाने उलट एक झटका द्यायचा – कळलं, ओढतो. त्या गढूळ पाण्यात दुसरी भाषा नव्हती.

वडिलांचा एक नियम होता. खाली माणूस नसेल तर दोर पाण्यात सोडायचा नाही. लहानपणी मी गंमत म्हणून सोडला होता तेव्हा कानाखाली बसली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुनी धरला तं?" मला वाटलं, दोर कुठेतरी अडकून फुकट जाईल अशी त्यांना काळजी. पण एकदा ते स्वतःच नवाकोरा दोर खाडीत सोडून घरी आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आई बडबडत राहिली. का सोडला, ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

तर, मुंबईच्या एका संस्थेने या धक्क्यावर आमच्या कॉलेजच्या मुलांसाठी शिबिर ठरवलं. पाण्यात सुरक्षित कसं राहायचं, बुडणाऱ्याला कसं काढायचं आणि नदी कशी जपायची. उद्देश चांगलाच होता. प्रमुख होते देशमाने सर. डोक्यावर हॅट, गळ्यात शिटी, हातात मेगाफोन आणि टी-शर्टवर 'रिव्हर कमांडर'. मागे 'नदी आमची आई' असा अवाढव्य फ्लेक्स. मुलांनी त्याच्यासमोर हात पुढे करून शपथ घेतली. ती संपेपर्यंत वाऱ्याने फ्लेक्स सुटून आईच्याच अंगावर जाऊन पडला. तो बाहेर काढणं हा शिबिराचा पहिला स्वच्छता उपक्रम.

मी स्थानिक म्हणून आणि पोहता येतं म्हणून मदतीला होतो. शिबिरात माझी पुतणी प्राचीही होती, अकरावीतली. तिचा बाप, माझा दादा, तिला सोडायलाच तयार नव्हता. शेवटी मला म्हणाला, "पाण्यात तू उतरवतोस. भायेर पन तूच काढायची. मला दुसऱ्या कुनाचं नाव सांगायचं न्हाय." मी हो म्हटलं. दादा सहसा एवढं लांब बोलत नाही.

गावकऱ्यांना आमचं येणं अजिबात रुचलं नव्हतं. नदी वाचवायची म्हणून रेती काढायला बंदी आली, तेव्हापासून होड्या धक्क्यावर उलट्या पडल्या होत्या, आणि 'नदी वाचवा' हे शब्द कुणी उच्चारले तरी तिथल्या माणसांचे जबडे आवळायचे. त्यातला माझा चुलतभाऊ नामदेव सकाळपासून होडीवर बसून आम्हाला सुनावत होता.

"पवायला शिकवतान. आमच्या धक्क्याव. आमच्याच पोरांना. फी किती रं?"

"फुकट आहे, नामदेवदादा."

"मंग तं नक्कीच कायतरी नेतील."

दुपारी ओहोटी संपून पाणी उभं राहिलं. ना आत जात होतं, ना बाहेर. दोर फेकून माणूस काढायचा सराव होता. बुडणाऱ्याचं काम प्राचीला दिलं होतं. लाइफ जॅकेट घालून ती धक्क्यापासून वीसेक फुटांवर तरंगत होती. महामार्गावरच्या ट्रकांमुळे आणि सरांच्या मेगाफोनमुळे पाण्यातून ओरडलेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी सकाळी मुलांना वडिलांचे झटके शिकवले होते. दोन आखूड, एक लांब. मुलांना ते फार आवडलं. सरांनी त्याला लगेच 'रोप कोड' असं नाव दिलं आणि श्रेय घेतलं.

दोर फेकायला अरबाज होता, लूममालकाचा मुलगा, आडदांड, पण नेम शून्य. दोराचं एक टोक सरांनी सुरक्षेसाठी धक्क्यावरच्या खुंट्याला बांधायला लावलं होतं. अरबाजने फेकला, दोर अलीकडेच पडून बुडाला. ओढून घेतला. पुन्हा फेकला, पुन्हा रिकामा.

"अगेन," सर मेगाफोनमधून म्हणाले. "नेव्हर गिव्ह अप."

रिकामा दोर किती वेळा खाली गेला, मी मोजलं नाही. वडील आठवले आणि हसू आलं, एवढं सांगतो.

तेवढ्यात नामदेव मागून म्हणाला, "तुज्या बापानं याच खाडीत तुला पवायला शिकवला. आन तू हितं टोपीवाल्याची बॅग धरतोस." मी चिडून त्याच्याकडे वळलो. ओढून घ्यायला अरबाजच्या पुढे मीही दोर धरला होता, आता पाठ पाण्याकडे. मी काहीतरी उलट बोलत असतानाच तळहाताला झटका बसला. दोन आखूड. एक लांब.

प्राचीने धरला, असं वाटलं. मी उलट एक झटका दिला. कळलं, ओढतो. हे मी ठरवून केलं नाही, हाताने केलं. आणि ओढायला लागलो.

जड होतं. प्राचीचं वजन मला माहीत आहे. हे रेतीने भरलेल्या बालदीसारखं, खालून येणारं वजन होतं. मी वळून पाहिलं. दोर धक्क्याच्या पायथ्याशी सरळ खाली उतरला होता. आणि प्राची तिकडे लांब, दोन्ही हात वर करून विचारत होती, "काका, दोर कुठाय? माझ्याकडे आलाच नाही."

दोन आखूड. एक लांब.

अरबाजने माझ्या मागे दोर धरला होता. त्यालाही जाणवलं. हळूच म्हणाला, "सर, ये कौन खींच रहा है?"

मग दोर हलला. तळाशी कुणी चालत निघावं तसा तो तिरका होत गेला, प्राचीच्या दिशेने. ती नुसती बघत होती. आणि मग खाली गेली. तरंगण्यासाठीच बनवलेलं जॅकेट घातलेली मुलगी ओंडका बुडावा तशी सरळ खाली गेली. वर फक्त बुडबुडे.

"पुल," सर ओरडले. "सगळे पुल."

आम्ही ओढलं. जेवढं ओढलं तेवढं ते जड झालं, आणि झटके येत राहिले, आता घाईने – भरली, ओढा, भरली, ओढा. मी नामदेवला ओरडलो, "होडी काढ."

"कनची होडी? बुडं फुटलीत सगल्यांची. तुमीच वाचवली ना नदी."

शिकवलेली प्रत्येक गोष्ट सांगत होती, दोर सोडू नको. खुद्द मीच तासाभरापूर्वी मुलांना तेच सांगितलं होतं. आणि मला वडिलांचा तो नवाकोरा दोर आठवला.

"कोयता दे," मी म्हटलं.

नामदेवने माझ्याकडे पाहिलं आणि कोयता पुढे केला. मी अरबाजला सोडायला सांगितलं, खुंट्यापाशी घाव घातला आणि हात उघडले. दोर माझी कातडी घेऊन गेला. पूर्ण दोर, शेवटच्या टोकापर्यंत, उभ्या पाण्यात सरसर खाली गेला. कुणीतरी वेगाने गुंडाळत असल्यासारखा.

प्राची वर आली. मी तोवर उडी घेतली होती. तिला धक्क्यावर काढलं, ती पाणी ओकली, श्वास सुरू झाला. पायांवर कसलाही वळ नव्हता. जॅकेटचे दोन्ही खांदे मात्र शिवणीतून उसवले होते.

"कुणी ओढलं का गं खाली?" मी विचारलं.

ती म्हणाली, "ओढत नव्हतं, काका. माझ्यावरून कुणीतरी वर चढत होतं."

संस्थेच्या पेजवर त्या दिवसाची पोस्ट आहे – 'रेस्क्यू ड्रिल यशस्वी'. सरांच्या मते दोर बुडालेल्या होडीत अडकला आणि मुलगी घाबरली. चांगला खुलासा आहे. दुसऱ्याचा अनुभव असता तर मीही तोच दिला असता. नामदेवने किंवा गावातल्या कुणी खोडी केली असेल, असंही मी म्हणून पाहिलं. पण सगळे धक्क्यावर कोरडे उभे होते, आणि एवढा वेळ खाली श्वास धरणारा माणूस आता त्या गावात उरलेला नाही. आणि अडकलेला दोर दोन आखूड, एक लांब असं बोलत नाही.

प्राची आता शहरातल्या तलावात लहान मुलांना दोर फेकायला शिकवते. समोर माणूस असल्याशिवाय फेकू देत नाही. मुलं का म्हणून विचारतात, तेव्हा नेम बसत नाही असं सांगते.

मला त्या ओढीपेक्षा माझा स्वतःचा झटका जास्त छळतो. खाली जो कोण होता त्याला मी कळवलं की वर माणूस आहे, ऐकू आलंय, ओढतोय. आणि मग कोयता चालवला. त्यानंतर मी त्या धक्क्यावर गेलेलो नाही. कुणाकडे पटण्याजोगा खुलासा असेल तर जरूर लिहा. तपासायला जायचं असेल तर रस्ता सांगेन, दोरही विकत आणून देईन. धरायला मात्र मला बोलावू नका. त्याला माझा हात ओळखीचा झालाय.