नदीकाठच्या लॉजची पायरी

आर्वीच्या पुढे वर्धा नदीच्या काठावर एक साधं लॉज आहे. चार खोल्या, मागे वांग्यांची वाडी आणि अंगणातून थेट पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. दहाव्याच्या विधीला येणारी माणसं तिथंच उतरतात. मागच्या हिवाळ्यात मीही तिथं राहिलो होतो.

एका सकाळी देवळीकडचं एक कुटुंब आलं. नवरा गेलेल्या तरुण बाईला त्यांनी पायरीवर बसवलं आणि तिची थोरली जाऊ दगड घेऊन तिच्या हिरव्या बांगड्या फोडायला वाकली. विधवाप्रथेविरुद्धची पत्रकं वाचत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे बोलायला माझी जीभ वळवळत होती. पण लॉजची मालकीणबाई पदराला हात पुसत माझ्या आधी पोचली.

"इथं नाई फोडाच्या."

"काऊन? रीत हाय आमची," जाऊ म्हणाली.

"पायरी माही हाय. आन् बायको मेली का माणसाचं घड्याळ फोडता का तुम्ही?"

तिचा दीर चिडला. "मंग आम्ही दुसरीकडं जातो. पुन्हा गावचं कोणी येनार नाई इथं."

"नका येऊ. लॉज बंद पडलं तं वांगे इकीन."

कोणी उठलं नाही. जावेनं दगड खाली ठेवला. स्वतःचं पोट पणाला लावून बोललेली ही दोन वाक्यं मी आजवर वाचलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा मला मोठी वाटतात.

आल्यापासून एक शब्द न बोललेली ती बाई मालकीणबाईकडे वळली.

"मावशी, मले च्या देता का?"