फाटकावरचा घसा

समस्त स्त्री-पुरुषांनो, कृपया उभे राहा. गुडघे दुखत असतील तर बसून ऐका, पण चेहरा गंभीर ठेवा. अत्यंत दुःखाने किंवा आनंदाने (कोणत्या, ते अजून ठरायचं आहे) जाहीर करण्यात येतं की भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चच्या वार्षिक मेळाव्याची नोंदणी, जी आजवर एका मानवी घशातून होत आली, ती यापुढे मोबाइलमधून होईल. सदर घसा माझा होता. आता बसा.

घशातून नोंदणी कशी होते, हे तुम्हाला सांगायला हवं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडच्या मंडळ्यांनी आपला मेळावा तिकडेच भरवायला घेतला आणि आमचा निम्मा उरला. हा उरलेला मेळावा धानाची कापणी उरकली की पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठच्या एका आमराईत भरतो. एका दिवसाचा. सकाळी भक्ती, दुपारी जेवण, मग गाणी, चहा आणि घर. गावोगावची माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. सोबत शेजारीही येतात. त्यातले बरेचसे चर्चचे नसतात, पण आमची गाणी चांगली असतात आणि वांग्याची भाजी गाण्यांहून चांगली.

आमराईच्या तोंडाशी बांबूचं फाटक आणि फाटकावर मी. सडकेच्या वळणावर ट्रॉली दिसली की मी छाती भरून ओरडायचो, "आसगावची मंडळी आली होऽऽ!" मांडवातून सगळे ओरडायचे, "येऊ द्याऽऽ!" त्याशिवाय कोणी आत पाऊल टाकत नसे. मी हाक द्यायला जरा उशीर केला तर ट्रॉली वळणावरच थांबून राहायची. एवढा मान आमच्याकडे नवरदेवालाही मिळत नाही.

आणि कनातीमागे आमचा आचारी. त्याचा कान माझ्या आवाजाला लागलेला. गावाचं नाव ऐकलं की तो तांदूळ धुवायला घ्यायचा, आणि किती घ्यायचा ते माझ्या "हो"वरून ठरवायचा. आखूड "हो" म्हणजे ट्रॉली अर्धी. दम संपेपर्यंत लांबवलेला "हो" म्हणजे माणसं ट्रॉलीच्या काठावर बसून आलीत, चुलीवर भाताचा दुसरा मोठा गंज चढव. आगाऊ नोंदणी, यादी, चिठ्ठी असलं काही नव्हतं. भात कधी फार उरला नाही, कधी फार कमी पडला नाही.

एरवी मी भंडाऱ्यात एका कापडाच्या दुकानात लुगडी दाखवतो. दिवसभर हळू, गोड बोलायची नोकरी. वर्षातून एक दिवस ओरडायला मिळायचं.

तर, नवे पाळक आले. तरुण, हसरे, मनाने सरळ. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला मला जागाच ठेवली नाही त्यांनी. पंच कमिटीच्या बैठकीत त्यांनी मोबाइल सगळ्यांसमोर धरला. खास चर्चसाठीच बनवलेली सोय आहे म्हणाले. ज्याने त्याने घरूनच नाव भरायचं, मोबाइलवर चौकोनी ठिपक्यांचा पास येतो, फाटकावर तो दाखवला की टुंग वाजतं आणि माणूस आत. किती येणार तो आकडा आदल्या दिवशीच आचाऱ्याच्या हातात.

"काका," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या घशाला आता आराम."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी काहीतरी गमतीचं बोलेन अशी त्यांची खात्री होती. मलाही होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हाव, चांगलं आहे."

एवढंच. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, मग आपणच आपल्या गालाला बोट लावून पाहतो आणि तो गाल दुसऱ्या कोणाचा तरी असतो, तसं झालं. दुखलं नाही. दुखलं असतं तर मी छान नाटक केलं असतं, मला येतं ते.

घरी बायकोने विचारलं, "मंग? काढलं तुमाले?"

"काढलं नाही. सल्लागार केलं."

"म्हंजे काढलंच न! आन् तुमी काई बोलले नाही?"

"चांगलं आहे म्हणलो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "तुमाले ताप-बिप तं नाही?"

ताप नव्हता. पुढचे काही आठवडे मी दुकानात लुगडी उलगडली, घडी घातली, उलगडली. पाळकसाहेब रविवारी उपासनेनंतर मोबाइल दाखवत. पडद्यावर एक हिरवं वर्तुळ होतं, नावं भरली की ते थोडं थोडं भरत जायचं. सगळ्या गावांनी भरलं होतं, कोणी मागे राहिलं नाही. आकडा मात्र लहान होता. पाळकसाहेबांना वाटलं, यंदा लोक कमी येऊन राहिले असतील. मीही वर्तुळ पाहिलं. हिरवा रंग छान होता.

मेळाव्याच्या दिवशी फाटकापासून जरा बाजूला, आंब्याखाली, माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली होती. छातीवर बिल्ला, "सल्लागार". हातात चहा. फाटकावर पाळकसाहेब स्वतः, मोबाइल घेऊन. कनातीमागे आचाऱ्याने आकड्याप्रमाणे एकच गंज चढवला आणि निवांत बसला, कारण ऐकायला काही नव्हतं.

पहिली आली आसगावची ट्रॉली. वळणावर थांबली. बराच वेळ थांबली. मग कोणीतरी काय ते समजून पुढे घेतली. सगळे उतरून फाटकापाशी गोळा झाले, आणि पुढच्या माणसाने मोबाइल पुढे केला. टुंग. तो आत गेला आणि त्याच्यामागून त्याची बायको, आई, दोन भाऊ, भावजया, शेजारचा आणि शेजाऱ्याचा पाहुणा निघाले.

"थांबा, थांबा," पाळकसाहेब म्हणाले. "यांचे पास?"

"हा का!" त्या माणसाने मोबाइल पुन्हा दाखवला. यावेळी टुंग वाजलं नाही. पडद्यावर लाल फुली आली.

"हा तुमच्या एकट्याचा आहे, भाऊ."

"एकट्याचा कसा? माह्या नावाचा हाय."

"तेच म्हणतोय मी. बाकीच्यांची नावं कुठे भरली?"

तो माणूस पाळकांकडे खरोखर दयेने पाहू लागला. "पाळकसाहेब, लग्नाची पत्रिका येते तवा तिच्यावर घरातल्या समद्यांची नावं राह्यतेत का? घरच्या मोठ्याचं एक नाव, खाली सहकुटुंब सहपरिवार. मी तसंच भरलं. पाहा न, लिहेल हाय."

पाळकसाहेबांनी पाहिलं. खरंच लिहिलेलं होतं. त्यांनी दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. प्रत्येक घराने एकच नाव भरलं होतं आणि नावाच्या रकान्यातच पुढे "सहकुटुंब सहपरिवार" जोडलं होतं. एकाने तर "आपले नम्र" असंही टाकलं होतं. हिरवं वर्तुळ माणसं मोजत नव्हतं, घरं मोजत होतं.

तेवढ्यात मागून आणखी दोन ट्रॉल्या लागल्या. टुंग, लाल फुली, लाल फुली. मागचा एकजण ओरडला, "कायची गर्दी होऊन राह्यली? कोणी मेलं का?" पाळकसाहेबांचा सदरा पाठीला चिकटला. आचारी कनातीबाहेर आला, गर्दी पाहिली आणि हातातला झारा खाली ठेवला.

"साहेब, हे समदे जेवनार हायेत?"

"हो."

"मंग मले सांगाले नोको का? कानात तेल घालून बसलो तं कोणी आवाजच नाही देत!"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आचाऱ्यानेही पाहिलं. आता खरं तर माझी वेळ होती. रंगमंच सजलेला, प्रेक्षक दाटीवाटीने उभे, नायक आंब्याखाली. मी उठून एक दणदणीत हाक दिली असती तर तुम्हाला गोष्ट सांगताना मलाही बरं वाटलं असतं.

मी खुर्चीतच बसून म्हणालो, "दोन गंज आणखी चढवा."

"दोन पुरतीन?" आचारी म्हणाला.

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि मला खरंच माहीत नव्हतं. माझा अंदाज डोक्यात नव्हताच. तो घशात होता. ओरडताना आपोआप लांबायचा. न ओरडता मला एवढंच दिसत होतं की पुष्कळ माणसं आहेत.

पाळकसाहेबांनी मोबाइल खिशात घातला, बांबू बाजूला केला आणि सगळ्यांना आत घेतलं. रागावले नाहीत. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला, "काका, चूक झाली का हो माझी?" मी म्हणालो, "नाही, चांगलं आहे." मग ते मांडवात गेले आणि भक्ती सुरू झाली. मी चहा प्यायलो. तो कधीचा थंड झाला होता आणि मला ते कप रिकामा झाल्यावर कळलं.

सगळ्यात शेवटी करडी गावची ट्रॉली आली. मांडवात सगळे डोळे मिटून प्रार्थनेत होते. फाटकावर कोणी नव्हतं, आंब्याखाली मी एकटा. ट्रॉली वळणावर थांबली. इंजिन बंद झालं. थोड्या वेळाने माणसं तिथेच उतरली आणि चालत येऊ लागली. कोणी बोलत नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. मला वाटलं, प्रार्थना ऐकू गेली असेल.

सर्वांच्या पुढे करडीची म्हातारी होती. ही बाई दरवर्षी फाटकातून आत येताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची की गेल्या साली बरा ओरडला होता, यंदा बकऱ्यासारखा ओरडला. आज तिचं बोट वर नव्हतं. पदर तोंडाला होता. फाटकाशी ती थांबली, मी उभा राहायचो तिथल्या बांबूवर हात ठेवला, आणि डोळे पुसले. मागच्या बायकांनीही पुसले. कोणीतरी हळूच म्हणालं, "मांगच्या साली तं चांगला होता."

मी उठून उभा राहिलो. खुर्ची मागे सरकली, तिचा आवाज झाला आणि म्हातारीने मान वळवली. तिने मला पाहिलं. बिल्ला पाहिला, कप पाहिला, पाय जमिनीला टेकलेत का तेही पाहिलं. मग सगळा मांडव प्रार्थनेत असताना, पाळकसाहेबांचं "आमेन" व्हायच्या आत, ती ओरडली,

"अगा, तू तं जित्ता हायस! मंग मी वळणापासून रडत आली ते कायले?"