इंदिराबाईंच्या नावाचा डबा

इंदिराबाईंनी पासष्टाव्या वर्षी नवरा सोडला, ही बातमी परवा आमच्या गल्लीत सकाळच्या चहाआधी पोचली. साफ खोटी आहे. नवरा, म्हणजे आमचे लीलाधर नाना, जागच्या जागी शाबूत आहेत. बाईंनी सोडला तो डबा, तोही भर स्टेजवर.

गावच्या कन्याशाळेला पन्नास वर्षं झाली. पहिल्या तुकडीच्या बायांना आठवण म्हणून स्टीलचा डबा द्यायचं ठरलं. त्यावर शाळेचं नाव आणि खाली विद्यार्थिनीचं. झालं! इंदिराबाईंचे पाय जमिनीला लागेनात. त्यांच्या घरात भांडी इतकी की अख्खी पंगत उठावी; पण माहेरच्या भांड्यांवर वडिलांचं नाव आणि सासरच्यांवर नानांचं. पळीसुद्धा लीलाधरची. बाईंच्या नावाचं एक फुलपात्र नाही. त्यांनी फळीवरच्या बरण्या सरकवून डब्याला जागा केली आणि ती रिकामी जागा गल्लीत प्रत्येकाला दाखवली. मला दोनदा.

नावं कोरायला डबे गेले रावेरच्या भांडेवाल्या प्रेमराजकडे. बायांची पूर्ण नावं त्याला दिली होती हो, पण हाताची सवय! या घरांच्या लग्नांतली भांडी तोच कोरतो, आणि भांड्यावर नाव घालायचं ते घरधन्याचं. मशीन धरलं, हात आपोआप चालला.

समारंभात नव्या मास्तरीणबाई डब्यावर पाहून वाचायला लागल्या, "आपल्या माजी विद्यार्थिनी, लीलाधर महाजन!"

मांडव खदखदून हसला. आणि आमचे नाना? नाव पुकारलं की उठायचं, एवढंच त्यांना ठाऊक. टोपी सावरत चढले की वर! पाहुण्यांनी हारही घातला. मागून बाकीच्या बायांचे नवरे, सुपडू, अभिमन, रुपचंद. मुलींची पहिली तुकडी मिशांसकट उभी राहिली.

इंदिराबाई तरातरा स्टेजवर गेल्या, नानांच्या हातातला डबा काढून पाहुण्यांसमोर ठेवला.

"या नावाची पोरगी आमच्या वर्गात नव्हती, माय!"

आणि थेट रावेरच्या रिक्षात बसल्या. एवढ्यावर लोकांनी काडीमोड उरकून टाकला.

नानांनी डबा उचलला, मी त्यांना मोटारसायकलवर मागे घेतलं. असला तमाशा काय रोज फुकट मिळतो?

दुकानात प्रेमराज घाम पुसत होता. "काकू, कोरलेलं खोडता येत नाही. आन् घर तर एकच ना?"

"मंग नवा डबा काढ. इंदिरा लिही. मोठ्ठं."

त्यानं कोरा डबा उतरवला, मशीन सुरू केलं. तेवढ्यात नाना, गळ्यात हार तसाच, समेटाला पुढे सरसावले. "अवं, वर माह्यं नाव राहू दे, खाली तुह्यं टाक. शोभून दिसीन."

इंदिराबाईंनी त्यांना हारापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"दहावीच्या पेपरले मी एकटीच बसेल व्हती. तवा कुठी व्हते तुम्ही?"