केतकीचा सायलेन्सर आणि रेंजचं झाड

केतकीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. म्हणाली, "शनिवार-रविवार मुरबाडच्या आतल्या एका पाड्यावर जातेय, चल." पाड्याचं नाव ऐकलं आणि मेथीची जुडी हातातच राहिली. तो पाडा माझा होता. म्हणजे मागच्या हिवाळ्यात मी तिथे जाऊन आले होते, सुगंधाताईंच्या घरी राहिले होते आणि याच ब्लॉगवर त्याबद्दल सविस्तर लिहिलंही होतं. केतकीने तो लेख वाचून बेत आखला होता. वर म्हणाली, "तुझ्या लेखाला व्हिडिओची जोड हवी गं."

नव्या वाचकांसाठी सांगते. केतकी माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ब्लॉग मी आधी सुरू केला, परिच्छेद कसा पाडायचा ते तिला मी शिकवलं. आज तिला रस्त्यात लोक ओळखतात आणि मला माझ्या सोसायटीचा वॉचमन गाडीच्या नंबरावरून ओळखतो. तिच्याकडे भलीमोठी मोटारसायकल आहे. कंपनीचा सायलेन्सर काढून तिने दुसरा बसवलाय, त्यामुळे ती येते ते दोन गल्ल्या आधी कळतं. माझी स्कूटर. तिच्याबद्दल एवढंच सांगता येईल की ती चालू आहे की बंद हे मलाही कधीकधी खाली वाकून बघावं लागतं. हेवा वाटतो का? वाटतो. हा लेख वाचताना तो जागोजागी लागेल, तांदळात खडा लागतो तसा.

शनिवारी पहाटे कल्याणहून निघालो. थेट मुरबाड रस्ता धरला असता तर लवकर पोचलो असतो, पण केतकीला भातसा धरण हवं होतं, म्हणून पडघ्यावरून शहापूर गाठलं. नाशिक हायवे आता बरा आहे, फक्त कामं चालू आहेत तिथे डायव्हर्जनला जपा. एका नाक्यावर हवालदार उभे होते. केतकीचा सायलेन्सर ऐकून ते नक्की हात करणार म्हणून माझ्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. ती गेली तेव्हा ते एका टेम्पोवाल्याचे कागद बघत होते. मोकळे झाले आणि मला थांबवलं. माझी पीयूसी संपली होती. पावती भरून पुढे गेले तर ही वळणावर गाडीला टेकून केस बांधत उभी. "अगं, कुठे राहिलीस?" म्हणाली.

शहापूरला एसटी स्टँडसमोर वडा-उसळ खाल्ली. दोघींचं पोट दीडशे रुपयांत भरलं आणि तिखट असं की भातसानगरपर्यंत जीभ जागी राहिली. शहापुरात इंटरनेट उत्तम. काही डाउनलोड करायचं असेल, नकाशा साठवायचा असेल, तर इथेच करून घ्या. भातसाच्या भिंतीजवळ जाऊ देत नाहीत, लांबून पाणी बघायचं. हेच पाणी मुंबईच्या नळाला येतं. तिथून परतून सापगावचा पूल ओलांडला आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळं झालेलं, काही शेतांत कापणी सुरू. शेतातल्या बायका केतकीचा आवाज आला की कंबर सरळ करून बघायच्या आणि हात हलवायच्या. मागून मी जायचे तेव्हा त्या पुन्हा वाकलेल्या असायच्या.

किन्हवली, सरळगाव, मग माळशेजचा हायवे. टोकावड्याला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. टोकावडं मागे पडलं की हायवेवरच केतकीच्या फोनचं इंटरनेट जातं, मग हायवे सोडून आत वळायचं. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. दुसरं सासऱ्यांच्या वेळचं, जुनं, कुणी वापरत नाही अशा कंपनीचं. केतकी त्याला नेहमी हसते. या सिमकडे लक्ष ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुगंधाताईंचं घर पाड्याच्या टोकाला. दोन खोल्या आणि शेणाने सारवलेली पडवी, तिथेच पाहुण्यांची झोपायची सोय. जेवण-राहणं मिळून माणशी पाचशे घेतात. मागच्या वर्षी त्यांनी मला दारातच मिठी मारली होती. या वेळी त्या दारात आल्या खऱ्या, पण डोळे सगळे केतकीच्या गाडीवर. म्हणाल्या, "आवाज खिंडीतनं आयकला तवाच चुलीवर चहा ठेवला." मागे मी होते. "तुमी पण आलात व्हय," असं त्या आनंदानेच म्हणाल्या. मला तो 'पण' दोन दिवस पुरला.

आता झाडाबद्दल. या पाड्यात कुठल्याही घरात फोनला रेंज नाही. पाड्याच्या कडेला, उताराच्या तोंडाशी एक मोहाचं झाड आहे, तिथे येते. इंटरनेट नाही, फक्त बोलण्यापुरती. म्हणून लोकांनी आपापले फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या झाडाच्या फांद्यांना टांगलेले असतात. आवाज पूर्ण मोठा. प्रत्येकाची धून वेगळी आणि सगळ्या पाड्याला सगळ्यांच्या धुनी पाठ. फोन वाजला की आसपासच्या शेतात जी कुणी असेल ती हाक देते, "ए, तुझा वाजतोय," आणि ती हाक घरोघर पुढे जाते. मागच्या लेखात मी यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो कुणी वाचला नसावा. केतकी झाड बघून म्हणाली, "हे तू लिहिलं का नाहीस गं?"

रात्री नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि ओढ्यातल्या चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण होतं. केतकी फोन उंच धरून अंगणात इंटरनेट शोधत होती. चुलीजवळ मी आणि सुगंधाताई. त्यांची मुलगी प्रणिता लॅब टेक्निशियनचा कोर्स करून वर्षभर घरी बसली आहे. मुरबाडला नवी लॅब निघतेय, मालक डॉक्टर ठाण्याला असतात आणि त्यांना रविवारीच सवड असते. उद्या त्यांचा फोन येणार होता. प्रणिताने झाडाजवळ शेत असलेल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं की माझी धून वाजली की लगेच हाक द्या.

भाकरी थापता थापता सुगंधाताई म्हणाल्या, "ही नोकरी लागली तर तिच्यासाठी आलेलं स्थळ थांबवायचं, असं बापाशी बोलनं झालंय. नाय लागली तर देवदिवाळीनंतर उरकायचं." प्रणिताने ताटं घेतली.

सकाळी मी उशिरा उठून दात घासत असताना झाडाच्या बाजूने केतकीच्या गाडीचा आवाज सुरू झाला. गाडी जागेवरच होती, केतकी नुसती मूठ पिळत होती. झाडाला लटकलेले फोन आणि त्याखाली घुमणारं इंजिन, असा तिचा शॉट. मी ब्रश तसाच तोंडात ठेवून पळाले. पोचेपर्यंत तिने इंजिन बंद केलं होतं आणि बांधावरून एक म्हातारी येत होती. म्हणाली, "गाडी चालू व्हती. वाजला का नाय, काय आयकूच नाय आलं."

प्रणिता धावत आली. पिशवी सोडली. दोन कॉल येऊन गेले होते. पाठोपाठ डॉक्टरांचा मेसेज होता: अकरा वाजता व्हिडिओवर मुलाखत, लिंक पाठवली आहे. परत लावला तर त्यांचा फोन सतत बिझी.

खरं सांगू? पहिल्यांदा मला बरं वाटलं. आता केतकीला बोलणी बसतील, आणि सगळ्या पाड्यासमोर बसतील, असं वाटलं. पण कुणी तिला एक शब्द बोललं नाही. झाडाखाली इंटरनेट नाही आणि अकराला फार वेळ उरलेला नाही, एवढंच सगळे बोलत होते. केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने गाडी वळवली आणि म्हणाली, "प्रणिता, बस." मी पळत जाऊन आणलेली स्कूटरची किल्ली पुढे केली होती. प्रणिता माझ्या बाजूने गेली आणि केतकीच्या मागे बसली. त्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर तेच शहाणपणाचं होतं. मला ते पटलेलं होतं, तरी लागलं.

त्या गेल्या आणि मी, सुगंधाताई आणि ती म्हातारी झाडाखाली उभ्या राहिलो. उतारावर झाडीमुळे रस्ता दिसत नाही. सुगंधाताई कान देऊन होत्या.

"आता नाल्यावरची मोरी गेली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, "आता शाळंजवळ." मग, "आता चढ लागला, गाडी दमली बघा."

ज्या आवाजावर मी कल्याणपासून चिडत आले होते, त्या आवाजाच्या मागोमाग ही बाई आपल्या लेकीला टोकावड्याकडे सोडायला निघाली होती. माझ्या स्कूटरवरून प्रणिता गेली असती तर पहिल्या वळणानंतर तिच्या आईला काहीच कळलं नसतं. हे मनात आलं आणि मला त्या सायलेन्सरचाही हेवा वाटला.

मग आवाज थांबला. विरत विरत गेला नाही, एकदम बंद झाला.

सुगंधाताईंनी माझा दंड धरला. "पडल्या काय गो?"

मी स्कूटर काढली, त्यांना मागे बसवलं आणि निघाले. वाटेभर त्यांची माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट होत गेली. हायवेला लागायच्या जरा अलीकडे, ओढ्यावरच्या पुलाजवळ, केतकीची गाडी बाजूला उभी होती. पडलं कुणी नव्हतं. प्रणिता कठड्याशी उभी राहून फोन हलवत होती. इथे कॉल लागला म्हणून दोघी थांबल्या होत्या, डॉक्टरांनी अकराच्या पुढे जमणार नाही असं सांगितलं होतं, टोकावडं गाठायला आता वेळ नव्हता आणि दोघींच्याही फोनवर व्हिडिओ उघडत नव्हता.

मी माझा फोन काढला. जुन्या सिमवर चक्क इंटरनेट होतं. मी हॉटस्पॉट चालू केला. केतकी त्या सिमला हसली नाही. मीही तिच्याकडे बघायची संधी सोडली नाही.

प्रणिता कठड्यावर बसली, ओढणी सारखी केली, आणि मुलाखत सुरू झाली. मला तिच्याशेजारी फोन स्थिर धरून बसायचं होतं. हलले की इंटरनेट जायचं. पाठीला ऊन लागत होतं आणि एक मुंगळा पायावर चढत होता. डॉक्टरांनी विचारलं की मुरबाडला रोज वेळेवर येणार कशी.

प्रणिता म्हणाली, "सकाळच्या एसटीने. ती नाय आली तर टोकावड्यापर्यंत चालत, तिथून जीप मिळते. कोर्सला मी अशीच जात होते, सर."

तेवढ्यात हायवेकडून ओळखीचा आवाज ऐकू आला. रविवारी माळशेजला येणाऱ्या मोटारसायकलवाल्या पोरांचा एक जथा आमच्या रस्त्याला वळला होता, आणि सगळ्यांचे सायलेन्सर केतकीसारखेच. मी जागची उठू शकत नव्हते. केतकी पुलाच्या तोंडाशी धावली आणि रस्त्याच्या मध्यावर दोन्ही हात पसरून उभी राहिली. एकेक इंजिन बंद झालं. पोरांनी तिला ओळखलं, हे लांबूनही कळत होतं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि आमच्याकडे दाखवलं. मग ती दांडगी पोरं आपापल्या गाड्या ढकलत, चपला न वाजवता, प्रणिताच्या समोरून पूल ओलांडून गेली. सुगंधाताई पदराआडून हसत होत्या.

असं दृश्य मी ब्लॉगच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि केतकीने ते शूट केलं नाही. तिचा फोन खिशात होता, तो तिने काढलाच नाही. माझ्या हेव्याला तेवढाही आधार तिने ठेवला नाही.

दुपारी जेवून मुरबाडमार्गे परतलो. हा रस्ता सरळ आणि सोपा आहे, थेट जाणाऱ्यांनी हाच घ्यावा. म्हशाच्या फाट्याजवळ चहा घेतला. केतकी म्हणाली, "झाडाखालचा शॉट काढून टाकला." मी बरं म्हटलं. मुलाखत संपल्यावर काढलेला पुलाचा एक फोटो मात्र तिने नंतर टाकला, नुसता मोकळा कठडा आणि त्याला टेकलेली माझी स्कूटर. त्याला किती लोकांनी पसंती दिली ते मी लिहिणार नाही. एका बाईंनी मला इथे ब्लॉगवर येऊन विचारलं आहे की केतकी मॅडमची ती नवी स्कूटर कुठली.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: पाऊस संपल्यावर ते थंडी सरेपर्यंत जा. फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. पीयूसी बघून घ्या. आणि मोहाच्या झाडाच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करून गाडी ढकलत न्या. त्या फांद्यांवर कुणाचं काय लटकलेलं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

काल सकाळी सुगंधाताईंचा फोन आला. मागे कुणाची तरी धून वाजत होती आणि कुणीतरी हाक देत होतं, म्हणजे त्या झाडाखालीच होत्या.

"झालं गो तिचं," त्या म्हणाल्या. "पैल्या तारखेला बोलवलंय. स्थळवाल्यांना बापाने सोताच नाय म्हनून सांगितलं."

मी नुसती हो हो म्हणत राहिले आणि डोळे पुसले.

"त्या आवाजवाल्या ताईंना पैला फोन लावला," त्या पुढे म्हणाल्या, "पन लागत नाय. मग म्हटलं तुमी तरी असाल. तुमी सांगा त्यांना."

केतकी सध्या स्पितीला आहे, मोठी मोहीम, मोठे प्रायोजक. मी म्हटलं सांगते. लगेच मेसेज लिहिला, प्रणिताला नोकरी लागली, आणि पाठवला. एकच टिक आली. मी चहा केला, सावकाश प्यायले, पुन्हा बघितलं. एकच टिक. केतकी कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरात होती, तिला रेंज नव्हती, आणि प्रणिताची बातमी एकट्या माझ्याकडे होती. संध्याकाळी दिवे लागल्यावरही एकच टिक होती. जेवायला बसताना मी फोन ताटाजवळ ठेवला आणि मोबाइल कंपन्यांना मनोमन सांगितलं की स्पितीची काही घाई नाही.