गोठ्यातलं शेवाळ

आमच्या विलेमचा जीव तेव्हा सरड्याच्या अंड्यांत अडकला होता. हसू नका. पिल्झेन शहरात ट्राम चालवायचा तो. अर्धांगाचा झटका आला, ट्राम सुटली आणि माणसांशी बोलणंही सुटलं. बोलायचा तो फक्त आगाताशी, घरातल्या काचपेटीतल्या दाढीवाल्या सरड्याच्या मादीशी. मी त्याची बायको, पण मला नुसतं हं आणि हूं! ती आगाता अंडी घालून मेली. मला एकच धास्ती, ही अंडी वाया गेली तर हा माणूस पुन्हा तोंड उघडायचा नाही.

अंडी कशात ठेवायची हे विचारायला मी विलेमला पबात नेलं, तर तिथल्या सरडे पाळणाऱ्यांची जुंपली. एक म्हणाला, "वाळूत ठेव."

"वाळूत? भाजून खायचीत का?" विलेमचा ट्रामवरचा जुना जोडीदार लुबोर खेकसला. "अभ्रकाचा भुगा घे, कुंड्यांत घालतात तो. भिजव आणि मुठीत दाब. पाणी टपकलं तर जास्त झालं, गोळा फुटला तर कमी."

विलेमने तसंच केलं. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने फुली मारली, कारण अंडं उलटलं की आतलं पिल्लू मरतं.

तरी अंडी चेपायला लागली. "ब्लांका, कोरडं पडतंय गं," तो मला म्हणाला. मला!

दुसऱ्या दिवशी बघते तर अंड्यांवर ओलं, हिरवंगार शेवाळ पांघरलेलं.

"हे कुठून आणलंस?"

"माळ्यावरच्या खोक्यातलं. रानातलंच आहे ना तुझं?"

"अरे मेल्या, ते ख्रिसमसच्या गोठ्याचं! येशूबाळाखाली अंथरायचं! टिकावं म्हणून मी ते मिठाच्या पाण्यातून काढते, वर रंग देते!"

मिठाने अंडी आणखीच सुकणार! मीठ पाणी कसं ओढून घेतं, हे दरवर्षी पिंपभर कोबी मिठात आंबवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको.

"अंडी तू काढ," विलेम म्हणाला. "माझा हात थरथरतो."

जन्मात सरड्याला बोट न लावलेली मी! नव्या भुग्याची मूठ दाबून बघितली आणि एकेक अंडं उचललं.

"फुली वर! अगं वर! हळू, ब्लांका, जीव आहे त्यात!"

वर्षभरात बोलला नव्हता तेवढा त्या दुपारी बोलला. मी मात्र आतून घाबरून गेले होते.

अंडी नाही वाचली. आधी पिवळी पडली, मग बुरशी धरली. शेवटचं अंडं त्याने स्वतः, थरथरत्या हाताने, अंगणात पुरलं. आत आला आणि खुर्चीत बसला. मी बटाटे सोलत राहिले. मान वर करायची हिंमत होईना. झालं, म्हटलं, आता संपलं सगळं.

"ब्लांका."

सुरी हातातच राहिली.

"गोठ्याला शेवाळ लागेल ना यंदा? चल रानात. मी पण येतो."